मोजणी कोणाची, ओल कोणाची

पेरणीच्या तोंडावर शेतकरी वीतभर खालची माती उकरून मुठीत घेतो, दाबतो आणि मूठ उघडतो. गोळा तसाच चिकटून राहिला तर अजून दोन दिवस थांबायचे. बोट लागताच भुगा झाला तर वाफसा आला. जमिनीतले हवापाणी पेरणीजोगे झाल्याची ही खूण इतकी नेमकी आहे की मराठीने तिच्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवला. या मुठीत एकच उणीव आहे. ती एका जागेचे आणि एका घटकेचे सांगते. शिवाराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, परवा रात्री किती ओल होती, खाली दोन फुटांवर पाणी मुरले की वरूनच वाहून गेले, हे ती सांगू शकत नाही. बिनतारी सेन्सरांचे जाळे म्हणजे अशा शेकडो मुठी एकाच वेळी उघडायच्या आणि त्यांची खबर एका ठिकाणी आणायची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कल्पनेवर पुष्कळ पैसा, बुद्धी आणि छपाईचा कागद खर्च झाला आहे. त्यातून रोजच्या जगण्यात नेमके काय उतरले, याचा हिशेब मांडायचा तर तो एखाद्या प्रयोगशाळेत बसून मांडण्यापेक्षा मुधोळसारख्या ठिकाणी उभे राहून मांडणे बरे.

मुधोळ म्हटले की महाराष्ट्रातल्या बऱ्याच वाचकांना कर्नाटकातले, शिकारी कुत्र्यांचे मुधोळ आठवते. हे ते नव्हे. हे गोदावरीच्या उत्तरेचे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे मुधोळ, ज्याच्या शेजारी बासरची सरस्वती आणि भैंशाची कापूस बाजारपेठ आहे. हैदराबाद संस्थानात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि आदिलाबादचा किनवट नांदेडकडे आला. 2016 पासून मुधोळ तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि थोडी उर्दू. सीमेच्या अलीकडे-पलीकडे जमीन तीच काळी, पिके तीच कापूस, सोयाबीन, तूर, आणि नदीही तीच. सरकारे तेवढी दोन. यंत्र सारखे आणि व्यवस्था वेगळी असेल तर काय फरक पडतो, हे तपासायला याहून चांगली जागा सहसा मिळत नाही. आणि माझे म्हणणे नेमके त्याच फरकाविषयी आहे. सेन्सरांचे जाळे कुठे रुजते आणि कुठे खांबावर धूळ खात राहते, याचे उत्तर यंत्रात थोडेच सापडते. ज्याचे नुकसान होणार आहे त्याच्या हातात आकडा वेळेवर पडतो का, आणि पडल्यावर त्याला काही करता येते का, या दोन गोष्टींवर ते ठरते.

या यंत्राचा जन्म शेतीसाठी झालेला नाही. 1968 च्या सुमारास व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने लाओसच्या जंगलात विमानातून हजारो सेन्सर टाकले. पायांची आणि ट्रकांची धडधड ऐकून ते वर घिरट्या घालणाऱ्या विमानांना कळवत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बर्कलेच्या क्रिस्टोफर पिस्टर यांनी धुळीच्या कणाएवढ्या संगणकाचे स्वप्न मांडले, तेव्हाही पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचाच होता. पण 2002 मध्ये बर्कलेच्याच लोकांनी मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांत सेन्सर ठेवले, आणि माणसाने जवळ जाऊन न डिवचता घरट्यातले तापमान मोजता येते हे दिसले. 2003 मध्ये कमी विजेवर चालणाऱ्या अशा रेडिओंसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानंतर भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला झाला, आणि त्याच पट्ट्यावर आज लोरा नावाचे रेडिओ मोकळ्या माळावर काही किलोमीटर बोलतात. जाळ्यातल्या एका डबीत चार वस्तू असतात: मोजणारा सेन्सर, छोटा संगणक, रेडिओ आणि बॅटरी. त्यांत सर्वांत खादाड रेडिओ. आकडेमोडीला लागणारी वीज बोलण्याच्या मानाने किरकोळ असते, म्हणून सगळी हुशारी गप्प राहण्यात आहे. डबी बहुतेक वेळ झोपते, ठरल्या वेळी क्षणभर जागी होते, मोजते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा झोपते. लांबची डबी जवळच्या डबीच्या कानात सांगते, ती पुढच्या, आणि शेवटी बांधावरचा एक मोठा खोका मोबाईलच्या जाळ्यातून आकडे बाहेर पाठवतो.

ऐकायला सोपे वाटते, पण काळी जमीन सोपे राहू देत नाही. ओल मोजणारे बहुतेक स्वस्त सेन्सर प्रत्यक्ष पाणी मोजत नाहीत. सळ्यांभोवतीची माती विद्युतक्षेत्राला किती दाद देते ते मोजतात. ही दाद पाण्यात सुमारे 80, कोरड्या मातीत 3 ते 5 आणि हवेत 1. आता मुधोळची जमीन घ्या. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी एखादी भेग सळीला चाटून गेली तर सेन्सर मातीऐवजी हवा मोजू लागतो, आणि बाजूला बरी ओल असताना पडद्यावर दुष्काळ दिसतो. वाळूमिश्रित मातीवर बेतलेले कारखान्याचे सूत्र इथे लावले तर चूक आणखी वाढते. म्हणजे आपल्या मातीत सेन्सर बसवून, त्याच मातीचे नमुने भट्टीत वाळवून, वजन करून, आकड्याला आकडा जुळवून घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, ते माणसाने करायचे आहे, आणि कुठल्याही विक्रेत्याच्या पत्रकात त्याची किंमत छापलेली नसते.

भारतातल्या पहिल्या गंभीर प्रयोगांपैकी दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला नाशिकचा. आयआयटी मुंबईच्या यू. बी. देसाई आणि एस. एन. मर्चंट यांच्या गटाने ‘ॲग्रीसेन्स’ नावाने सुला वाइनयार्ड्सच्या द्राक्षबागेत जाळे लावले. मातीची ओल, तापमान, हवेतला दमटपणा आणि पानावरचा ओलावा ते मोजत होते. द्राक्षात पान किती तास ओले राहिले यावर डाऊनी हा रोग येणार की नाही हे बरेचसे ठरते, त्यामुळे या आकड्याची किंमत थेट फवारणीच्या खर्चात मोजता येत होती. बागेला ठिबक होते, भांडवल होते, निर्णय घेणारा माणूस जागेवर होता. (हेच देसाई पुढे आयआयटी हैदराबादचे पहिले संचालक झाले, त्यामुळे या विषयाचा एक धागा तेलंगणातही पोहोचला.) दुसरा प्रयोग कर्नाटकच्या पावगड तालुक्यातल्या चेन्नकेशवपुराचा. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडमधली लोझानची तंत्रसंस्था यांनी 2004 च्या आसपास अल्पभूधारकांना आधी त्यांचे प्रश्न विचारले आणि मग जाळ्याचा आराखडा केला. क्रम अगदी योग्य होता. तरीही कोरडवाहू शेतकऱ्यापुढे जुनाच पेच उरतो: माती सुकली हे कळल्यावर द्यायला पाणी कुठे आहे? आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरू शकतो, कारण त्याच्यामागे फिरवायला व्हॉल्व्ह नसतो. द्राक्षाच्या पट्ट्यात आज खासगी कंपन्यांची हवामान-यंत्रे बऱ्यापैकी दिसतात आणि कोरडवाहू कापसात जवळजवळ दिसत नाहीत. याचे कारण शेतकऱ्याच्या अडाणीपणात शोधू नये. ते या व्हॉल्व्हमध्ये आहे.

व्हॉल्व्ह हाती असला की केवढा फरक पडतो, याचे महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’. काटेकोर व्याख्येत ते जाळे नव्हेच. स्टार्टरला जोडलेला मोबाईल, एवढेच. फोन लावायचा, लाईट आहे का ते ऐकायचे, मोटार चालू करायची आणि बंद करायची. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले, पण ते खपले पारितोषिकामुळे नव्हे. शेतीपंपाला वीज आलटूनपालटून, कधी दिवसा कधी रात्री मिळते, तिथे रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, वाटेत साप-विंचू, आणि पोहोचल्यावर लाईट गेलेली, हा छळ ज्याला सोसावा लागे त्यालाच हे यंत्र उत्तर देत होते. आता सीमा ओलांडा. तेलंगणाने 1 जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज दिली. तिथे ‘लाईट आली का’ हा प्रश्नच बराचसा मिटला. उलट, लाईट येताच आपोआप मोटार सुरू करणारे ऑटो स्टार्टर काढून टाका, बोअर कोरडे पडतील, असे सरकारला शेतकऱ्यांना सांगावे लागले. म्हणजे महाराष्ट्रातल्या भोकर किंवा धर्माबादच्या शेतात जे यंत्र माणसाची झोप वाचवते, ते मुधोळच्या शेतात भूजल उपसण्याचे साधन होऊ शकते. मुधोळला गरज आहे ती बोअरची पातळी सांगणाऱ्या सेन्सरची. पण वीज फुकट असल्याने ती पातळी जाणून घेण्यात एकट्या शेतकऱ्याचा तातडीचा फायदा नाही, आणि सगळ्यांचा मिळून आहे तो दहा वर्षांनी दिसणारा. यंत्र एक, जमीन एक, आणि धोरण बदलताच यंत्राचा अर्थ उलटा.

सरकारी जाळ्यांकडे वळले की मालकीचा हा प्रश्न अधिक टोकदार होतो. महाराष्ट्राने 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेटच्या साहाय्याने महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. तेलंगणातही हजाराच्या आसपास केंद्रे आहेत. देशाच्या मानाने ही दोन्ही जाळी दाट म्हणायची. तरी महाराष्ट्रात एका केंद्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख येतो. पावसाचा लहरीपणा या हिशेबात बसत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त 73. खेड्यात हा फरक बातमी होत नाही, पण पैशांत उतरतो. महाराष्ट्रात मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानली जाते; त्यावरून पुढे पंचनामे आणि मदत. माझ्या शेतात ढगफुटी झाली आणि केंद्रावर 60 भरले तर कागदोपत्री अतिवृष्टी झालीच नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तर शेताकडे पाहण्याचा प्रश्नच येत नाही: केळीला किंवा संत्र्याला भरपाई मिळायची की नाही हे केंद्रावरचा पारा ठरवतो. म्हणून केंद्र झाडाच्या सावलीत आहे, गच्चीवर आहे, तारेत बिघाड आहे, अशा तक्रारी गावोगाव होतात, आणि त्या निव्वळ कुरकुर नसतात. ज्या नोंदीवर माझा पैसा अवलंबून आहे ती नोंद मला त्या दिवशी पाहता येत नसेल, तिला हरकत घेता येत नसेल, तर ते यंत्र मला हवामान सांगणारे राहत नाही, निकाल देणारे होते. मुधोळच्या बाजूला गंमत वेगळी: 2020 मध्ये तेलंगणा पंतप्रधान पीक विमा योजनेतून बाहेर पडले, तेव्हा त्याच प्रकारच्या खांबावरचा तोच आकडा विम्याच्या दृष्टीने मुका झाला. केंद्र सरकारने 2023 मध्ये ‘विंड्स’ योजनेत तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक असा संकल्प केला आहे. घनता वाढेल, ते चांगलेच. पण दर पंचायतीला एक खांब म्हणजे दर पंचायतीला एक वाद, असेही होऊ शकते, जर तो आकडा पंचायतीच्या भिंतीवर रोज लिहिला गेला नाही तर.

सरकारी जाळे नीट चालतच नाही, असे मात्र नाही. लसीकरणाच्या शीतसाखळीत 2015 पासून आणलेली ई-विन व्यवस्था पाहा. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, त्यात सिमकार्ड, आणि पारा हद्दीबाहेर गेला की ठरलेल्या कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर संदेश. त्याने उत्तर दिले नाही तर वरच्याला. दिसायला मामुली, पण यात आपल्या दोन्ही अटी पुऱ्या होतात: संदेशाला नाव-पत्ता आहे, आणि ज्याला तो मिळतो त्याच्याकडे लस दुसऱ्या पेटीत हलवण्याचा उपाय आहे. याच्या उलट टोकाला हवामान खात्याची जिल्हा कृषी हवामान केंद्रे. 2018 नंतर देशभर अशी 199 केंद्रे कृषिविज्ञान केंद्रांत उघडली होती. मंगळवार आणि शुक्रवारच्या अंदाजाचे ती ‘या आठवड्यात फवारणी टाळा, सोयाबीन काढून झाका’ अशा भाषेत रूपांतर करत. 2024 मध्ये ती बंद झाली. आकडे आपोआप येतातच, ते संगणकाने वाटता येतील, मग माणसे कशाला, हा त्यामागचा विचार. खांब, सेन्सर, सर्व्हर सगळे जागेवर राहिले आणि त्या आकड्याला वाक्य करणारा माणूस गेला. मुधोळला तर हे वाक्य दोन पायऱ्या उतरून यावे लागते, आधी तेलुगूत आणि मग मराठीत. ‘मेघदूत’सारखी ॲप 2019 पासून अनेक भाषांत आहेत खरी, पण ॲपची भाषा बदलली म्हणून सल्ला गावचा होत नाही.

पिण्याच्या पाण्यात या जाळ्यांना कदाचित सर्वांत मोठी जागा आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. 2019 च्या जलजीवन मिशनने दर माणशी रोज 55 लिटर पाण्याचे वचन दिले. तेलंगणाने त्याआधीच, 2016 मध्ये, मिशन भगीरथ सुरू केले होते. दोन्हींच्या अहवालांत नळांची संख्या मोजली जाते. नळ मोजणे आणि पाणी मोजणे यात फरक आहे. उन्हाळ्यात टाकीच्या शेवटच्या गल्लीला दाब मिळतो का, क्लोरीन उरते का, हे सांगायला नळ बसवल्याचा फोटो पुरत नाही. 2020 मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने काही राज्यांतल्या मोजक्या गावांत, महाराष्ट्रातल्याही, प्रवाह, दाब, क्लोरीन आणि भूजलपातळीचे सेन्सर बसवून पाहिले गेले. खर्च योजनेच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा. पण हे आकडे राज्याच्या डॅशबोर्डवर दिसले आणि गावच्या पाणीसमितीला दिसले नाहीत, तर शेवटच्या गल्लीतली बाई पूर्वीसारखीच घागर घेऊन उभी राहील. फरक एवढाच की आता ती उभी असल्याचे राजधानीला ठाऊक असेल.

पुराची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण तिथे मोजणारा आणि बुडणारा वेगळ्या राज्यांत असतात. नांदेडच्या विष्णुपुरीतून सोडलेले पाणी बाभळीवरून बासरला येते आणि पोचंपाडच्या श्रीरामसागरात साठते. बाभळी बंधारा धर्माबाद तालुक्यातला, क्षमता 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट), दरवाजे 14. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने ठरले की 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतील आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. तेव्हापासून दर वर्षी ठरल्या तारखेला दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी बंधाऱ्यावर येतात, त्यांच्यासमक्ष दरवाजे वर जातात. दरवाजाची स्थिती एका सेन्सरने हैदराबादला आणि मुंबईला क्षणात कळवता येईल, तरी माणसे गाडीने येऊन डोळ्यांनी पाहतात. यात हसण्यासारखे काही नाही. सेन्सर खरे सांगतो यावर दोघांचा भरवसा असावा लागतो, आणि तो भरवसा सेन्सरला स्वतःला पैदा करता येत नाही. जुलै 2022 मध्ये याच निर्मल जिल्ह्यातल्या कडम प्रकल्पात त्याच्या विसर्गक्षमतेहून जास्त पाणी आले आणि धरण राहते की जाते अशी रात्र काढावी लागली. अशा वेळी वरच्या खोऱ्यातल्या पर्जन्यमापकाचा आकडा दोन तास आधी मिळणे म्हणजे गावे हलवायला मिळालेले दोन तास. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने डोंगरात पुरलेल्या सेन्सरांच्या जाळ्यावरून 2009 च्या पावसाळ्यात दरडीचा इशारा दिला होता. आपल्याकडे 30 जुलै 2014 ला माळीण गेले आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. तिथे डोंगर हलतो आहे हे सांगायला कुठलीही डबी नव्हती. प्रत्येक डोंगरात डब्या पुरणे शक्य नाही, हे मान्य. पण वस्ती असलेले धोक्याचे उतार मोजकेच आहेत, आणि त्यांच्या याद्या निघालेल्या आहेत.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. दोन-तीन एकर कापूस असलेल्याने वीस-पंचवीस हजारांचे यंत्र का घ्यावे? त्याने एकट्याने घेऊच नये. बारामतीच्या ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या सहकार्याने उसात सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह एकत्र करून जो प्रयोग चालवला आहे, त्याच्या पुढच्या टप्प्यात खर्चाचा वाटा शेतकरी, साखर कारखाना आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी मिळून उचलायचा, अशी मांडणी आहे. उत्पादनवाढीचे आणि पाणीबचतीचे जे मोठे आकडे त्या संदर्भात सांगितले जातात ते अजून आयोजकांचेच आहेत. त्रयस्थाने मोजेपर्यंत ते दावे म्हणूनच वाचावेत. पण खर्चाची वाटणी शिकण्यासारखी आहे. उसाला कारखाना आहे म्हणून ती शक्य झाली. कापसाला तसा एक धनी नाही, जिनिंगवाले आणि व्यापारी दर वर्षी बदलतात; म्हणून तिथे ही जागा पंचायतीने किंवा शेतकरी कंपनीने भरावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: वरून उपग्रह आणि खाली कृत्रिम बुद्धिमत्ता असताना मातीत डब्या पुरायच्या कशाला? इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह 30 जुलै 2025 ला गेला, तो ढगांतूनही जमिनीची ओल पाहतो. खरे आहे. पण तो एका जागी 12 दिवसांनी परततो, आणि रडारला दिसते ती वरच्या काही सेंटिमीटरची ओल. कापसाचे मूळ त्याच्या कितीतरी खाली असते, आणि आपली भेगाळलेली जमीन वरून कोरडी आणि खाली ओली असण्यात पटाईत आहे. शिवाय उपग्रहाचा आकडा बरोबर की चूक हे ठरवायलाही जमिनीवर कुणीतरी मोजावेच लागते. उपग्रह येत आहेत म्हणून दर एकराला डबी नको, गावाला दोन-तीन नीट सांभाळलेल्या पुरतील, असा निष्कर्ष निघतो. डब्यांची गरजच नाही, असा निघत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही हेच लागू. महाराष्ट्राने 2025 मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण आणले, 500 कोटींची तरतूद केली. भेगेतल्या हवेचे आकडे तिला खाऊ घातले तर सल्लाही हवेचाच येईल.

तिसरा आक्षेप पाळतीचा. तो शेतात कमी आणि घरात जास्त बोचतो. स्मार्ट वीजमीटर हे आज घरोघर पोहोचणारे सर्वांत मोठे बिनतारी सेन्सरांचे जाळे, आणि 2024 मध्ये महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरला एवढा विरोध झाला की सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. विरोधाला अज्ञान म्हणून मोडीत काढणे सोपे असते. पण त्या मीटरचा आकडा आधी कंपनीला उपयोगी होता: वसुली, गळती, मागणीचा अंदाज. ग्राहकाला त्यातून काय मिळणार हे कुणी नीट सांगितले नाही, आणि वीज कधी तोडली जाईल ही धास्ती मात्र लगेच कळली. घरात माणसे कधी असतात, कधी झोपतात, हेही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदीतून वाचता येते. लोकांनी मोजमापाला नकार दिला नव्हता. एकतर्फी मोजमापाला दिला होता. जाता जाता बॅटरीचाही विचार व्हावा. डबी पाच वर्षे चालते म्हणजे पाच वर्षांनी मातीत लिथियमचा तुकडा उरतो, आणि तो उचलायला कोण येणार हे खरेदीच्या करारात आज क्वचितच लिहिलेले असते.

मग मुधोळच्या शिवारात सुरुवात कशाने करावी? माझे मत कापसाच्या सापळ्यापासून. गुलाबी बोंडअळीचा अंदाज घ्यायला शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली, असा ठरलेला निकष आहे. सापळे लागतात, पण रोज सकाळी जाऊन पतंग मोजणे मागे पडते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कॅमेऱ्याने पतंग ओळखून मोजणारा आणि आकडा बिनतारी पाठवणारा सापळा तयार केला आहे. इथे मोजणी सोपी आहे, निकष ठाऊक आहे, उपाय कोरडवाहू शेतकऱ्याच्याही हातात आहे, आणि बोंडअळी एका शेतापुरती राहत नसल्याने गावाला दहा सापळे पुरे. वाटून घेण्यासारखी वस्तू आहे. आकडा लावायला जागाही तयार आहे. तेलंगणाने 2020 च्या सुमारास दर 5000 एकरांच्या क्षेत्राला एक याप्रमाणे सुमारे 2600 रयतू वेदिका, म्हणजे शेतकऱ्यांची सभागृहे, बांधल्या. बैठका सोडल्या तर त्यांच्या भिंतींना दुसरे काम थोडे. दुरुस्तीचा प्रश्नही इथे इतर ठिकाणांएवढा अवघड नाही. बासरला 2008 पासून राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तिथे दहावीनंतर सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला खेड्यापाड्यांतली मुले येतात आणि त्यांतली बरीच कापसाच्या घरांतली असतात. सेन्सर काळ्या मातीशी जुळवून घेणे, भेग पडली की सळी हलवणे, उंदराने कुरतडलेली तार बदलणे, बॅटरी परत गोळा करणे, यांपैकी कशालाही परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागतो तो पंचायतीच्या अंदाजपत्रकात दर वर्षीचा एक छोटा खर्च, यंत्र खरेदीच्या खात्यात न मांडता दुरुस्तीच्या खात्यात मांडलेला. वेदिकेच्या भिंतीवर तेलुगूत आणि मराठीत रोज सकाळी एक आकडा खडूने लिहायचा. तो पतंगांचा असावा, पावसाचा की बोअरच्या पातळीचा, हे लावणीआधी कापूसवाल्यांनाच बसवून विचारावे.